एक्स-रेच्या फिल्मवर काढलेले चेहरे

ज्या दिवशी बाबा जेवताना भात घेत नसत, त्या दिवशी वसईतल्या कुठल्यातरी घरावर काहीतरी कोसळणार असे. हे आम्हा बहिणींना कुणी सांगितलं नव्हतं, बघून बघून कळलं होतं. बाबा पारनाक्याजवळच्या एका एक्स-रे सेंटरमध्ये टेक्निशियन होते. लोकांच्या छातीचे, कमरेचे, डोक्याचे एक्स-रे काढायचे, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायच्या, वाळवायच्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या, हे त्यांचं काम. फिल्म ओली असतानाच त्यांना काय ते कळलेलं असे. बाहेरच्या बाकावरचे नातेवाईक त्यांची बाही धरून विचारायचे, "साहेब, काय निघालं?" आणि बाबांचं उत्तर कायम एकच, "रिपोर्ट डॉक्टर देतील." घरी तर ते या विषयावर चकार शब्द काढत नसत. पण भाकरी संपली, आईने भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि बाबांनी ताटावर तळहात आडवा धरला, की आई डाव तसाच पातेल्यात ठेवून द्यायची. ताई माझ्याकडे बघायची, मी ताईकडे. मग काही दिवसांनी बाजारातलं एखादं ओळखीचं दुकान बंद दिसायचं आणि आई म्हणायची, "तरीच त्या दिवशी." बाबा उठून अंगणात जायचे.

आम्ही मूळचे राजापूरकडचे. बाबांच्या नोकरीमुळे वसईजवळच्या सांडोरला येऊन राहिलो होतो, बस्त्यावमामांच्या घरामागच्या दोन खोल्यांत. मामा आमचे घरमालक, पण सगळा गावच त्यांना मामा म्हणायचा. खिडकीबाहेर त्यांची केळीची वाडी होती. सकाळी पंप सुरू झाला की त्याच्या फटफटीत आईची हाक आम्हाला ऐकू यायची नाही, निदान आम्ही तसं सांगायचो. उन्हाळ्यात अंगणभर चटयांवर राजेळी केळी सुकत पडलेली असायची. त्या सुकेळ्यांचा गोड, जरासा आंबूस वास कपड्यांना, वह्यांना, उशांनाही लागायचा. आजही कुठे तो वास आला तर तोंडाला पाणी सुटतं आणि मागोमाग मी तिथून निघून जाते, कारण ज्या उन्हाळ्याबद्दल मी सांगते आहे त्या उन्हाळ्यात तो वास सतत नाकात होता. आईचा स्वयंपाक मात्र राजापूरचाच, कुळथाची पिठी, घावन, फणसाची भाजी. बाबा घावन आधी खिडकीकडे उंच धरून बघायचे, मग खायचे. पापड असो, लग्नपत्रिका असो, केळीचं पान असो, हातात आलं की ते उजेडासमोर जायचं. आई वैतागायची. "अहो, त्याला फ्रॅक्चर नाहीये. खा आता!"

ताई माझ्याहून मोठी, नालासोपाऱ्याच्या एका शाळेत शिकवायची. आम्ही बाकी सगळे सावळे आणि ही एकटीच इतकी गोरी, की एसटीत अनोळखी बायका तिला साबण कुठला लावतेस म्हणून विचारायच्या. ताई गंभीर चेहऱ्याने भांडी घासायच्या साबणाचं नाव सांगायची. आईला त्या गोरेपणाचा फार मोठा आधार होता. "हिच्या लग्नाची मला काळजी नाही, हिच्या रंगावर स्थळं चालत येतील," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि मग माझ्याकडे बघून पुढचं बोलणं गिळायची. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझं सगळं लक्ष एका डबड्यात अडकलेलं होतं.

ते डबडं म्हणजे कॅमेरा. मामांच्या माळ्यावर सापडलेला काळा डबा कॅमेरा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. त्याचा रोल बाजारातून कधीच नाहीसा झाला होता. फोटो स्टुडिओवाल्याने तो हातात घेऊन हसून परत दिला. मी इतकी हिरमुसले की बाबांना माझी दया आली. सेंटरमध्ये तारीख उलटून गेलेल्या एक्स-रे फिल्मचं एक खोकं टाकून द्यायला काढलेलं होतं. बाबांनी लाल दिव्याखाली त्यातली एक फिल्म कात्रीने कॅमेऱ्याच्या मापाची कापली, आतल्या पाठीला चिकटपट्टीने डकवली आणि म्हणाले, "जा, बघ काय येतं ते." एका वेळी एकच तुकडा मावायचा. एक फोटो काढायचा, परत अंधाऱ्या खोलीत यायचं, तो धुवायचा, दुसरा तुकडा भरायचा, पुन्हा बाहेर. दुपारी मी बाबांचा डबा घेऊन जायची तेव्हा सेंटर बंद असे. त्या वेळात मी पारनाका आणि मासळीबाजार यांच्यामध्ये सारख्या येरझाऱ्या घालायची. एकच फोटो हाताशी असला की माणूस काय बघतो! आजकाल माझा भाचा फोनवर एका समोशाचे वीस फोटो काढतो, तेव्हा मला त्याला त्या अंधाऱ्या खोलीत कोंडावंसं वाटतं.

पण जे आलं ते बघून मी आधी घाबरले. एक्स-रेची फिल्म आपल्यासारखं बघत नाही. तिला निळा उजेड दिसतो, लाल अजिबात दिसत नाही. त्यामुळे निळं आभाळ कोरं पांढरं निघायचं आणि लाल असेल ते सगळं काळं. टोमॅटोंचा ढीग कोळशाचा वाटायचा. बायकांच्या कपाळावरचं कुंकू म्हणजे भोक पडल्यासारखं, ओठ काळे. चेहऱ्यावरचे वांग, उन्हाचे डाग, एरवी लक्षातही न येणाऱ्या खुणा ठळक होऊन वर यायच्या. भर दुपारचा हसताखेळता बाजार, पण कागदावर उतरवला की वाटायचं, इथे काहीतरी घडून गेलंय आणि या लोकांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मला भीती वाटायची आणि तरी मी थांबत नव्हते.

पाचूबंदरची हिराबाई बाजारात बोंबील घेऊन बसायची. तिचा फोटो मी तिला नेऊन दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला.

"अगो पोरी, ह्यो कोन?" ती म्हणाली. "कपाल काला, होठ काले. मी जीती हाय का गेलेली?"

शेजारच्या बायका खो खो हसल्या. हिराबाईही हसली. पण हसता हसता तिने फोटो पालथा घातला आणि मला परत दिला. "आसा फोटू घरात ठेवाचा नाय. तूच ठेव."

त्या उन्हाळ्यात ताईला विरारचं एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, आणि मुलाच्या आईने ताईला कुठल्याशा लग्नात बघून तिच्या रंगाचं कौतुक केलेलं. दोन रविवारांनी ते बघायला येणार होते. आईने पडदे धुवायला काढले. त्याच आठवड्यात मी पारनाक्यावर एसटीतून उतरणाऱ्या गर्दीचा फोटो काढला. ताई दारात होती, एका हातात पिशवी, दुसऱ्याने साडीच्या निऱ्या सावरत. ती त्या गर्दीत आहे हे मला फोटो काढताना दिसलंही नव्हतं.

फिल्म धुवून मी ती बाबांच्या व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे एक्स-रे बघायच्या त्या उजळ काचेवर लावली. बाबा डबा संपवून हात पुसत आले आणि सवयीने भिंग घेऊन वाकले. फिल्मवर सगळं उलटं असतं, गोरं ते काळं आणि काळं ते पांढरं. त्या सगळ्या चेहऱ्यांत एका चेहऱ्यावर, डाव्या डोळ्याखाली आणि ओठांच्या कडेला, गर्द काळे ठिपके होते. म्हणजे कागदावर ते पांढरेफटक येणार होते. बाकी कुणाच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

"हायपो नीट धुतला नाहीस," बाबा म्हणाले. "डाग राहिलेत."

हायपो म्हणजे फिल्म पक्की करायचं औषध. मी ते नीट धुतलं होतं. त्या दिवशी जेवताना बाबांनी भात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "परत काढ." त्यांच्या कामातली ती रीतच होती. फिल्मवर डाग दिसला की आधी फिल्मवर संशय घ्यायचा, मग माणसावर. त्यांनी आपल्या जुन्या चष्म्याची काच मला दिली. ती कॅमेऱ्याच्या भिंगापुढे धरली की जवळचा चेहरा मोठा येतो. ताईला मी वाडीच्या बांधावर उभी केली. "लग्नाला हाच फोटो द्यायचा का गं? नवरा पळून जाईल," ती म्हणाली आणि हसली. मी एक फोटो समोरून काढला. सेंटरमध्ये जाऊन तो धुतला, दुसरा तुकडा भरला आणि संध्याकाळच्या आत तिला उजवीकडे तोंड करायला लावून आणखी एक काढला. दोन्ही फिल्मवर ठिपके होते. तिने मान वळवली तसे तेही वळले होते. फिल्मवरचा डाग असता तर जागच्या जागी राहिला असता.

बाबांनी ते दोन तुकडे शेजारी शेजारी लावून भिंगाने पुन्हा बघितले. मग मला म्हणाले, "कातडीचा रंग जिथे कमी होतो तिथे हे असं येतं. ती गोरी आहे म्हणून आपल्याला दिसत नाही अजून." त्यांनी शब्द उच्चारला नाही. मीही उच्चारला नाही. कोड. आज मी तो सहज लिहू शकते, कारण कोड अंगावर येतं, दुसऱ्याला लागत नाही, दुखत नाही, माणूस त्याने मरत नाही. पण त्या काळात आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न हाताच्या कोपरावरच्या रुपयाएवढ्या डागापायी मोडलं होतं आणि तिच्या धाकट्या बहिणीचंही जमता जमत नव्हतं. लोक मरणालाही इतके भीत नसतील.

बाबांनी आईला सांगितलं. आई रडली नाही, तिने पडदे बडवायला घेतले. ताई शाळेतून यायच्या आत आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाली, "लग्न होईपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. तिलासुद्धा सांगायचं नाही. आलंच तर लग्नानंतर येईल. तेव्हा बघू. कुणाला काय माहीत?" मग बाबांकडे वळून, "आणि तुम्ही भात खा. ती बघते." पण ते बाबांना जमेना. रोज तळहात आडवा. रोज ताई विचारायची, "बाबा, कुणाचं एवढं वाईट निघालंय? इतके दिवस?" आणि आम्ही तिघं ताटात बघायचो. अंगणात सुकेळी काळी पडत होती. आई ताईच्या तोंडाला रोज दुधाची साय लावायची आणि लावताना बोटांनी डोळ्याखाली काहीतरी चाचपायची. तिथे काहीच नसायचं. तेच भयंकर होतं. माझी बहीण हसत होती, गाणं गुणगुणत साडीला फॉल लावत होती, आणि मला तिच्याकडे बघताना फिल्मवरचा चेहरा दिसायचा. बाजारात गेले तरी तसंच. भाजी मोजून देणारा हात, एसटीच्या खिडकीतलं तोंड, काही धड दिसेना. याच्या आत काय आहे, याला कधी कळणार आहे, असंच वाटत राहायचं. बाबा वर्षानुवर्षं असे जगले असतील, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

त्या रविवारच्या आदल्या दुपारी शाळेला सुट्टी होती म्हणून ताई माझ्याऐवजी डबा घेऊन गेली. आईने मला मागोमाग पिटाळलं, पण मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. बाबा बाहेर पाणी प्यायला गेले होते आणि ताई अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली. तारेवर चिमट्यांना तिचे तिन्ही तुकडे लटकत होते. बाबांनी ते फेकले नव्हते. त्यांनी आयुष्यात कुणाचीच फिल्म फेकली नव्हती. ताई ते घेऊन व्ह्यू बॉक्सपाशी गेली. तीही त्याच बापाची मुलगी होती, तिला कुणी काही वाचून दाखवायची गरज नव्हती.

"भात माझ्यासाठी सोडलाय होय," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. ती रडली नाही. तिने भिंतीवरच्या आरशात डोळ्याखालची कातडी ताणून बघितली, मग फिल्म, मग पुन्हा आरसा. "आईला कळू देऊ नकोस मला कळलंय ते," एवढंच म्हणाली आणि एक तुकडा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. मी विचारलं काय करणार आहेस. तिने डबा माझ्या हातात दिला.

रविवारी विरारची मंडळी आली. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. आईने पोहे केले होते, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. ताई बश्यांचा ट्रे घेऊन आली, खाली वाकून सगळ्यांपुढे धरला आणि मुलासमोर बशीशेजारी तो फिल्मचा तुकडा ठेवला. आईच्या हातातली पाण्याची कळशी तिथेच थांबली.

"हे काय?" मुलाची आई म्हणाली. "एक्स-रे? हाड मोडलंय का हिचं?"

"माझा चेहरा आहे," ताई म्हणाली. "उजेडाकडे धरा. डोळ्याखाली आणि ओठांपाशी बघा. ते अजून वर आलेलं नाही. नंतर तुम्ही म्हणाल फसवलं, म्हणून दाखवते."

मुलाने तुकडा खिडकीकडे धरला. तो एकदा फिल्मकडे बघे, एकदा ताईकडे. "पण आता तर काहीच दिसत नाही," तो म्हणाला, आणि मला अजून वाटतं की तो बरा मुलगा होता. त्याच्या आईने तो तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि थेट बाबांकडे वळली. "तुम्हाला कळतं ना यातलं? तुम्ही सांगा. हे येणार आहे की नाही?"

बाबांच्या तोंडात ते कायमचं वाक्य होतं. आम्हाला सगळ्यांना ते ऐकू यायच्या आधीच ऐकू आलं. आई तर डोळ्यांनी त्यांना विनवत होती. बाबांनी ताईकडे बघितलं. ताई मान हलवून हो म्हणाली.

"येईल," बाबा म्हणाले.

पोहे तसेच राहिले. मंडळी फार सभ्यपणे उठली, कळवतो म्हणाली आणि त्यांनी कळवलं नाही. आई ताईशी कित्येक दिवस बोलली नाही. मग एक दिवस बोलायला लागली ती तिची वेणी घालता घालता, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. ताईचं आणि माझं वाट बघणं मात्र सुरू झालं. मुंबईच्या कातडीच्या डॉक्टरांनी जांभळ्या दिव्याखाली तेच बघितलं आणि मलम दिलं. पाऊस संपला. नवरात्रात एका सकाळी ताई दात घासताना हाक मारून म्हणाली, "ये, बघ. आलं." डाव्या डोळ्याखाली, फिल्मवर होतं तिथेच, तांदळाएवढं. ती ओळखीच्या पाहुण्याबद्दल बोलावं तशी बोलली. मी न्हाणीघरात जाऊन दार लावून रडले.

विरारहून बातमी वसईत आली होतीच. माझ्या कॅमेऱ्यात पुढचं दिसतं, असं लोक बोलू लागले. मी बाजारात दिसले की बायका टोपल्यांआड तोंडं वळवायच्या. एका दुकानदाराने मला हात जोडले. हिराबाईने लांबूनच ओरडून विचारलं, "माजा फोटू फाडलास ना?" मी फाडला म्हणाले. फाडला नव्हता. मी कॅमेरा फडताळावर ठेवून दिला आणि उरलेलं खोकं बाबांनी खरंच टाकून दिलं.

दिवाळीत मामांच्या पलीकडे राहणाऱ्या राऊतकाकू फराळाचं ताट घेऊन आल्या. ताई आत चहा करत होती. काकूंनी ताट खाली ठेवलं, दाराकडे बघितलं आणि माझ्या जवळ सरकल्या.

"एक काम होतं गं. आमच्या मुलासाठी एक मुलगी बघितलीय. रोज सकाळी बाजारात भाजीला येते. तू रस्त्यावरचे फोटो काढतेसच, तिचाही एक काढ ना. तिला कळायचंही नाही. तुमच्या ताईसारखं काही असेल तर आधीच कळलेलं बरं."

ताई चहा घेऊन दारात उभी होती. आता डोळ्याखालचा डाग चांगला दिसत होता आणि ओठाच्या कडेला दुसरा आला होता. काकू तिच्याकडे न बघता लाडवांकडे बघत राहिल्या. ताईने चहा त्यांच्यासमोर ठेवला, फडताळावरून कॅमेरा काढला, त्याच्यावरची धूळ पदराने पुसली आणि पोटाशी धरला.

"काढेल ना ती," ताई म्हणाली. "पण आधी तुमचा काढूया, काकू. त्या मुलीलाही कळायला हवं ना, सासूचं काय निघतं ते. इकडे बघा."

काकूंनी पदर ओढून तोंड झाकलं. उठताना चहा सांडला. त्या अंगणातून, रांगोळीच्या कडेकडेने, तोंडावरचा पदर न काढता रस्त्यापर्यंत गेल्या, आणि आम्ही खिडकीतून बघत राहिलो. कॅमेऱ्यात काहीच नव्हतं. ताईलाही ते माहीत होतं.

तिने कॅमेरा जागेवर ठेवला आणि ताटातली एक करंजी उचलून अर्धी मला दिली. रात्री जेवताना तिने हे सगळं काकूंच्या आवाजात करून दाखवलं. आई "पुरे गं" म्हणत म्हणत हसली. भाकरी संपली. आईने पातेलं पुढे ओढलं आणि नेहमीच्या सवयीने डाव आत ठेवून द्यायला लागली, कारण त्या उन्हाळ्यापासून बाबांनी भाताला हात लावला नव्हता.

"वाढ," बाबा म्हणाले.